अजून एक वाफ

कच्चं सफरचंद खाणारा माणूस आमच्या घरमालकिणीला अर्धवट वाटायचा. वेडा या अर्थाने नव्हे, हातातलं काम अर्धं टाकून उठलेला या अर्थाने.

सुरतेत लिंबायतच्या त्या गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही. सकाळचं नळाचं पाणी भरून झालं की अक्का ओट्यावर लहान शेगडी मांडत, पातेल्यात सफरचंदाच्या फोडी घालत, वर थाळी झाकत आणि राखणीला बसल्यासारख्या शेजारी बसत. भाडेकरूंपैकी कुणाला काही बोलायचं असेल तर ते याच वेळी. मोरी तुंबली, पंखा वाजतो, पाहुणे यायचे आहेत, काहीही असो. अक्का ऐकून घेत, थाळी उचलून एक फोड चमच्याने दाबून बघत आणि म्हणत, "आजून एक वाफ पाहिजे."

ते फोडीबद्दल असे की तुमच्या तक्रारीबद्दल, हे तुम्ही ठरवायचं.

हे वाक्य त्या कशालाही लावत. नवा रस्ता झाला, अजून एक वाफ पाहिजे. समोरच्यांचा जावई आला, बोलून गेला, अजून एक वाफ पाहिजे. माझं गुजराती ऐकून त्यांनी हेच सांगितलं, आणि ते खरंच होतं.

वाफेचं हे वेड आलं होतं त्यांच्या कामातून. अक्का धुळ्याकडून नवऱ्याबरोबर सुरतेला आल्या आणि उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उधन्याला एका छापकामाच्या मिलमध्ये काढली. छापलेली साडी दिसायला तयार दिसते. फुलं आलेली असतात, काठ आलेले असतात. पण ती तशीच धुतली तर फुलं पाण्यात जातात. ती वाफेच्या यंत्रातून जावी लागते, मग रंग धाग्यात बसतो. अक्कांच्या मते देवाने सफरचंद छापून पाठवलं होतं, वाफ द्यायचं काम आपल्यावर सोडलं होतं. ते न करता जो थेट चावा घेतो, तो बिनवाफेची साडी नेसून पावसात निघालेला माणूस.

आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने सगळे कागद नीट लावून नेले होते. आधार कार्ड, गावचा पत्ता, दोन ओळखीची माणसं. तशी यादीच मी त्याला करून दिली होती. अक्कांनी कागद हातात घेतले, न बघता परत दिले आणि विचारलं, "सफरचंद कसं खातस तुम्ही?"

नवरा गोंधळला. खोटं त्याला बोलता येत नाही. म्हणाला, "मिळालं तर खातो."

अक्का पदर तोंडावर धरून हसल्या आणि किल्ली काढून दिली. त्या नेहमीच पदर तोंडावर धरून हसत, जेवताना भाकरी वरणात बुडवून ठेवत. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाची बाई आहे.

फळांची निवड हा दुसरा सोहळा. गाडीवाला आला की अक्का प्रत्येक सफरचंद कानाजवळ नेऊन बोटाने वाजवत. काय ऐकू यायचं ते त्यांनाच ठाऊक. गाडीवाला उत्तर प्रदेशातला, त्याला सुरुवातीला हे अपमानास्पद वाटे, पुढे तो स्वतःच दोन-चार वाजवून त्यांच्यापुढे धरू लागला. फळावरची ती छोटी गोल चिकटचित्रं अक्का फेकत नसत. जिन्याखालच्या लाइटच्या मीटरवर चिकटवत. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाला आकडे दिसेनासे झाले, तेव्हा त्याने नखाने खरवडून तेवढी खिडकी करून घेतली. पुढच्या खेपेला ती खिडकीही भरलेली.

आता माझं सांगते. मी साड्यांच्या पॅकिंग खात्यात आहे. घडी तपासायची, डाग बघायचा, पेटी भरायची, पाठवायची. यादी केल्याशिवाय मला सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही. घरात फ्रीजवर एक कागद कायम असे, डब्यात कुणाला काय द्यायचं त्याचा. त्यात रोज दुपारसाठी सफरचंद होतं, कच्चं, धुतलेलं, सालासकट. मी ते वाचून, विचारून ठरवलं होतं. सालात चोथा जास्त असतो, पोट साफ राहतं. शिजवल्यावर क जीवनसत्त्व बरंच कमी होतं. शिवाय कच्चं फळ चावून खावं लागतं, पोट भरल्यासारखं वाटतं, मग चारच्या चहाबरोबर फरसाण कमी जातं.

अक्कांनी एकदा तो कागद डोळ्यांजवळ धरून पूर्ण वाचला. मराठी वाचायला त्यांना छान येई.

"बराबर लिखेल से," त्या म्हणाल्या. "पण कागदले पोट ऱ्हास का?"

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही शिजवता त्यात साल फेकून देता. चांगला भागच जातो."

"साल मी गायले देस. गायनं पोट बी साफ ऱ्हास."

बिया मात्र दोघीही काळजीने काढून टाकायचो, तेवढ्यावर आमचं एकमत. बाकी गल्लीत दोन तट पडले. संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या बायका अक्कांच्या वाटीतलं खाऊन मला म्हणायच्या, ताई, तुमचंच बरोबर आहे. वाटी मात्र चाटून पुसून परत करायच्या.

एक जण या दोन्ही तटांत नव्हता, आमचे नाना, म्हणजे माझे सासरे. त्यांनी आयुष्यभर लूमवर, कापडाच्या मागावर, काम केलं. कानाने थोडे कमी, पण सत्तरीला आले तरी दात सगळे जागच्या जागी. दाणे, हरभरे, उसाची कांडी, काहीही फोडत. सफरचंद मात्र हातात धरत नसत. कच्चंही नाही, शिजलेलंही नाही. अक्का वाटी घेऊन आल्या की नाना चपला घालून बाहेर जात. अक्कांना याचा राग यायचा, पण कारण त्यांना माहीत होतं, म्हणून त्या बोलत नसत. इतर कुणाला त्यांनी सोडलं नसतं.

कारण असं. माझ्या सासूबाई मोठ्या दवाखान्यात होत्या तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन यायचा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना तेच नेतात. पलंगाशेजारच्या कपाटावर रांग लागली होती. सासूबाईंना त्यातलं एकही खाता आलं नाही. नाना घरी परतले ते एकटेच, त्या पिशव्या घेऊन. त्या दिवसापासून सफरचंद म्हणजे त्यांच्या लेखी फळ नव्हतं, निरोप होता.

एका उन्हाळ्यात नानांचं पोट बिघडलं. साधं वाटलं होतं, पण जुलाब थांबेनात. गल्लीच्या टोकाला एक दवाखाना होता, तिथे नवीन डॉक्टर आले होते, कानपूरकडचे, तरुण आणि मनमिळाऊ. त्यांच्या औषधाने आणि मीठ-साखरेच्या पाण्याने जुलाब आटोक्यात आले, पण नानांनी खाणंच सोडलं. पेज दिली तर म्हणाले, ही तर खळ आहे, ताण्याच्या सुताला लावायची, माणसाला कशाला? दही-भात नको. केळं नको. मुगाचं पाणी ओठाला लावून परत. डॉक्टरांनी शुक्रवारी मला स्पष्ट सांगितलं, सोमवारपर्यंत पोटात अन्न जाऊन टिकायला हवं, नाहीतर मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल. म्हणजे तोच दवाखाना. नानांनी खुर्चीच्या दांड्यावरचा हात घट्ट केला.

मी बाहेर औषधाच्या खिडकीशी गेले. नाना मागाहून भिंत धरत बाहेर आले आणि बघते तर चेहरा खुललेला. कितीतरी दिवसांनी.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"सेव खाय सांगं," नाना म्हणाले. "शिजाडीसन. नरम."

घरी येईपर्यंत त्यांनी ही बातमी पानवाल्याला, इस्त्रीवाल्याला आणि ओट्यावरच्या दोन बायकांना दिली. आमच्या खानदेशी माणसाला शिजवलेली शेव म्हणजे काय, हे सांगायला नको. लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, त्यात जाड शेव भिजून फुगलेली, शेजारी कांदा. शेवभाजीसाठी आमच्याकडचा माणूस लग्न सोडून येईल. आणि सुरतेत तर सेव हा शब्द दर दोन दुकानांआड पाटीवर लिहिलेला, फरसाणवाल्यांच्या. सफरचंदाला इथे सफरजन म्हणतात, नाहीतर सरळ ॲपल. त्यामुळे नानांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण जुलाबाने आडवा झालेल्या माणसाला तेलातली शेव कोणता डॉक्टर देईल? मी दवाखान्यात फोन लावला.

डॉक्टर घाबरलेच. "नहीं नहीं, बहनजी. सेव, मतलब ॲपल. छिलका निकालकर पका दीजिए. तेल-मिर्च कुछ नहीं."

त्यांच्याकडे सफरचंदाला सेव म्हणतात. एवढंच.

मी ते नानांना सांगितलं. तेव्हा ते पलंगावर बसून होते, शेवभाजीची वाट बघत. ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं एकदम उतरलं.

"म्हणजे मन्हासाठे बी सफरचंद आनात," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

शनिवारी दुपारी मोरीपर्यंत जायला त्यांना माझ्या नवऱ्याचा खांदा लागला. मी फ्रीजवर नवा कागद लावला होता, दर दोन तासांनी काय द्यायचं याचा. त्या कागदावरचं सगळं वाट्यांतून तसंच परत येत होतं. समजावून झालं, रागावून झालं. नातवाची शपथ घालून झाली. नवऱ्याने पिशवीत कपडे भरायला घेतले. पिशवी नानांना दिसत होती.

तेव्हा अक्का आल्या. मला वाटलं, आता हातात वाटी असणार आणि वाफेचं व्याख्यान होणार. पण त्यांचे हात रिकामे होते. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, नाना वळेपर्यंत थांबल्या.

"नाना, डॉक्टरनी काय सांगं तुम्हले? त्याना तोंडना शब्द सांगा."

"सेव."

"कानवरी ऐकं ना?"

"ऐकं."

"मंग मी सेवभाजी करस. खाशात ना?"

"तू करशी तर खासू."

मी दारातच अक्कांना अडवलं. हळू आवाजात म्हटलं की तेल-तिखट दिलं तर सोमवार गाठायचीही गरज पडणार नाही. अक्का म्हणाल्या, "तू तुनी यादी कर. आनि माले सफरचंद दे."

माझ्या डब्याची सफरचंदं होती. अक्कांनी ती आमच्याच स्वयंपाकघरात घेतली. सालं काढली, बिया काढल्या आणि जाड किसणीवर एकाच दिशेने, न थांबता किसायला घेतलं. लांब लांब दोरे पडू लागले. ताटात पसरून त्या वाट बघत बसल्या. मी मुलांच्या डब्यात फोडी काळ्या पडू नयेत म्हणून लिंबू लावते, सवयीने लिंबू पुढे केलं. अक्कांनी माझा हात बाजूला सारला. कीस हळूहळू पिवळट झाला, मग तपकिरी. हळदीची चिमूट पडली आणि बघता बघता ताटात शेव दिसू लागली, अगदी फरसाणवाल्याच्या परातीतल्यासारखी.

मग वाफ. झाकण उघडून त्यांनी एक दोरा दोन बोटांत दाबला. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं, तेच आलं. अजून एक वाफ दिली. मोडायच्या आत उतरवलं. रस्सा वेगळा केला, मुगाचं पातळ पाणी, जिरं, थोडं किसलेलं आलं, धनेपूड, मीठ. मिरचीचा वासही नाही, तेलाचा थेंब नाही. वर कोथिंबीर. आणि ताटलीच्या कडेला कांद्याची एक चकती.

"अक्का, कांदा?" मी म्हटलं.

"तो फक्त देखाले."

दोन वाट्या भरल्या. एक नानांपुढे, एक स्वतःकडे. नानांना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी वाटीत बघितलं, मग कांद्याकडे, मग अक्कांकडे. चमचा भरला, तोंडात घातला आणि थांबले. मी दाराची चौकट धरून उभी होते. नवरा पिशवीजवळ.

"गोड से," नाना म्हणाले.

अक्का पदर सावरत म्हणाल्या, "सुरतनी सेव से. आठे बठ्ठंच गोड."

ते खरंच आहे. इथे डाळ गोड, भाजी गोड, लोणचंसुद्धा गोड. इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाने याच्यावर काय बोलायचं? नानांनी दुसरा चमचा भरला. मग तिसरा. वाटी संपली तेव्हा त्यांनी ती उलटी करून रस्स्याचा शेवटचा थेंब चमच्यात घेतला. कांद्याकडे हात गेला, अक्कांनी ताटली मागे ओढली.

संध्याकाळी पुन्हा तीच वाटी, सोबत मऊ भाताचे दोन घास. सगळं पोटात राहिलं. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःहून विचारलं, शेव झाली का. दुपारी ते भिंत न धरता मोरीपर्यंत गेले. परत येताना वाटेत थांबून त्यांनी कपड्यांची पिशवी उचलली, माझ्या नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, कपडे चुरगळतात, घडी करून कपाटात ठेव.

सोमवारी मी रिक्षा बोलावली होती. नाना रिक्षाच्या शेजारून चालत निघून गेले. दवाखाना गल्लीच्या टोकाला, पण ते टोक मला त्या दिवशी फार लांब वाटलं, आणि नाना ते सरळ पाठीने चालले. रिक्षावाला माझ्याकडे बघतोय, मी नानांकडे. शेवटी मीही त्यांच्या मागून पायीच गेले.

डॉक्टरांनी पोट तपासलं, नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. समाधान दिसत होतं. विचारलं, "दादा, सेव खाई?"

"खाई ना," नाना आपल्या हिंदीत म्हणाले. "रोज खाई. रस्सेवाली. प्याज के साथ."

डॉक्टरांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती अजून आठवते. मी घाईघाईने सगळं सांगितलं, शब्द, किसणी, हळद, बघायचा कांदा. डॉक्टर आधी कपाळाला हात लावून बसले आणि मग इतके हसले, की बाहेर नंबर लावून बसलेले लोक आत डोकावले. हसू ओसरल्यावर त्यांनी मला नीट समजावलं. पोट नाजूक असेल तेव्हा सोलून शिजवलेलं बरं, पचायला हलकं, त्यातला विरघळणारा चोथा पातळ शौचाला जरा बांधून धरतो. पोट ताळ्यावर आलं की कच्चं, सालासकट, नीट चावून. ज्याला बद्धकोष्ठ त्याला तर तेच बरं. आणि सफरचंद म्हणजे औषध नव्हे, बाकीचं जेवणही हवं. भरतीची गरज नाही.

म्हणजे अक्का बरोबर होत्या आणि माझा कागदही बरोबर होता. परतताना मी हे वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं. अक्कांना सांगायचं की नाही ते ठरत नव्हतं.

सांगायची वेळच आली नाही. अक्का गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या, त्यांच्यामागे ओट्यावरच्या सगळ्या बायका. नाना पुढे, मी दोन पावलं मागे. नानांनी हात हलवला, भरती रद्द असा. अक्कांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, साडी तपासतात तसं, आणि म्हणाल्या, "रंग बसना." म्हणजे रंग बसला, पक्का.

त्या दिवसापासून त्या पदार्थाचं नाव गल्लीत 'डॉक्टरनी सेव' पडलं. कुणाचं पोट बिघडलं की किसणी आमच्याकडे मागायला यायचे. गाडीवाला सफरचंदं विकताना ओरडायचा, डॉक्टरवाली सेव. तो उत्तर प्रदेशातलाच, त्याला यात काही नवल वाटत नव्हतं.

पुढे एकदा मी नानांना विचारलं, की तुम्हाला खरंच कळलं नव्हतं का.

"पहिला घासलेच समजनं," ते म्हणाले.

"मग खाल्लंत कसं?"

नानांनी थोडा विचार केला. "बठ्ठा लोक सफरचंद लई येत. ती सेव लई उनी."

सगळे सफरचंद घेऊन यायचे, ती शेव घेऊन आली, एवढंच. मग नाना मिशीत हसत म्हणाले, की त्या दिवशी त्यांना आणखी एक गोष्ट समजली होती. अक्का त्यांच्याबरोबर दुसरी वाटी खात होत्या, आणि चावत नव्हत्या. जिभेने टाळूला दाबून गिळत होत्या. लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस ओठ बघून बोलणं ओळखतो, त्याच्यापासून तोंड लपवणं कठीण. "तिना दात नहीत," नाना म्हणाले. "एक बी नही."

तर सगळं तत्त्वज्ञान तिथून आलं होतं. पदराआडचं हसणं, वरणात बुडवून ठेवलेली भाकरी, वाफ, बिनवाफेची साडी. दात गेले आणि सफरचंद सुटेना, म्हणून अक्कांनी कच्च्या सफरचंदालाच नापास केलं होतं. मला त्यांच्याबद्दल इतका आदर कधीच वाटला नव्हता. आपली अडचण अशी सगळ्या गल्लीचा नियम करून टाकणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही.

नानांनी हे कुणाला सांगितलं नाही. त्यांनी वेगळाच मार्ग काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी शेगडी पेटवली, तेव्हा नाना त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले, खिशातून सफरचंद काढलं, धोतराला पुसलं आणि चावा घेतला. कच्चं, सालासकट. तो करकर आवाज नळापर्यंत ऐकू आला. माझा नवरा दाढी अर्धी टाकून बाहेर आला. त्याने आईच्या आजारानंतर वडिलांना सफरचंद हातात धरून खाताना पहिल्यांदा बघितलं होतं. तो साबणाच्या तोंडाने नुसता बघत उभा राहिला.

नाना रोज जाऊ लागले. रोज एक सफरचंद, तोच आवाज. अक्का पातेल्याशी, नाना शेजारी. अक्का पाठ फिरवून बसत. नाना बाजू बदलून बसत. असं बरेच दिवस चाललं आणि एका रविवारी अक्का माझ्या दारात आल्या.

"दातना डॉक्टर माहीत से का तुले?"

मी सावधपणे म्हटलं, "कुणासाठी?"

"त्या माणूसना आवाज बंद करना से," त्या म्हणाल्या.

दाताचा डॉक्टर, माप घ्यायचा दिवस, परत जायचे दिवस, मऊ खाण्याची सोय, ही यादी मी आयुष्यातल्या सगळ्या याद्यांहून मन लावून केली. अक्का प्रत्येक खेपेला नवी साडी नेसून आल्या. कवळी बसली त्या दिवशी त्या दवाखान्यातून बाहेर पडेपर्यंत पदर तोंडावर होता. पायऱ्यांवर थांबल्या, पदर खाली घेतला आणि रस्त्याकडे बघून हसल्या. समोरून जाणारा एक अनोळखी माणूस चक्क हसून गेला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सवय होईपर्यंत कडक खायचं नाही, नंतरही पुढच्या दातांनी चावा घ्यायचा नाही, पातळ काप करून दोन्ही बाजूंनी सारखं चावायचं. अक्कांनी ते तंतोतंत पाळलं, आणि सवय झाली असं डॉक्टरांनी म्हटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर शेगडी आली नाही.

आता आम्ही सुरतेतच बमरोलीला राहतो, स्वतःच्या घरात, आणि अक्कांची गल्ली आठवली की मला ती सकाळच आधी आठवते. नाना ताट आणि सुरी घेऊन बसले होते. त्यांनी सफरचंद कानाजवळ नेऊन वाजवलं, अक्का वाजवत तसंच. मग पातळ पातळ फोडी केल्या, सालासकट, आणि ताट पुढे सरकवलं. बायका दारादारांत. गाडीवाला गाडी थांबवून उभा. मी घड्याळाकडे बघितलं, कामाला उशीर होत होता, आणि तशीच उभी राहिले.

अक्कांनी फोड उचलली, उलटसुलट बघितली, तोंडात घातली. दोन्ही बाजूंनी सारखं चावलं. करकर आवाज झाला, नानांच्या आवाजाहून थोडा बारीक, पण गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. त्या सावकाश चावत राहिल्या, डोळे मिटून, साल आणि सगळं.

गिळून झाल्यावर अक्कांनी डोळे उघडले, आमच्या सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"आजून एक वाफ पाहिजे व्हती," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या फोडीला हात घातला.